सूर्याची राजाराणी आणि आईचा खण

मी सांगलीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. लोकांनी परत आणून दिलेली प्रवासवर्णनं फडताळात लावता लावता मी त्यांतली बहुतेक वाचली. कॅनडाच्या वर्णनात धबधबा असतोच. तो पाहायला निघालेल्यांनी इथेच थांबावं, कारण मी धबधबा पाहिला नाही. माझी थोरली बहीण नलिनीताई मिसिसागाला वारली म्हणून मी गेलो. व्हिसा हातात पडेपर्यंत तिचं दहनही होऊन गेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आईने मला खोलीत बोलावलं. तिच्या मांडीवर एक हिरवा खण होता, लाल काठाचा. बाजूला नारळ, तांदळाची पिशवी, हळकुंड आणि सुपारी.

"नवऱ्याआधी गेली. सवाष्ण गेली. तिची ओटी भरली का रे कुणी?"

"तिकडे तसं काही नसतं, आई."

"नसतं म्हणूनच तुझ्याकडे देतेय. मेघना भरेल. लेक आहे आणि सवाष्णही. माझ्या हातची चालत नाही, नाहीतर मीच आले असते."

आई शहाऐंशीची. वडील गेले तेव्हा ती चौतिशीत होती. तेव्हापासून तिने कुणाची ओटी भरली नाही आणि तिचीही कुणी भरली नाही. मी सगळं बॅगेत ठेवलं.

विमानतळ

सामान तपासणारा अधिकारी पगडीवाला तरुण सरदारजी होता. त्याने बॅग उघडली, खण बाजूला केला आणि शेंडीचा नारळ हातात घेऊन हसला.

"अंकलजी, किसकी शादी है?"

मी काय सांगणार? नुसती मान हलवली. त्याने ती होकारार्थी घेतली असावी. "मुबारक हो," म्हणाला, "लेकिन ये नहीं जाएगा." नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी एका मोठ्या निळ्या डब्यात गेली. खण मात्र त्याने घडी नीट करून परत दिला.

बाहेर भावोजी उभे होते. कानटोपी, जाड कोट, आणि त्यात पूर्वीपेक्षा बराच लहान झालेला माणूस. मला वाटलं होतं की दोघांनाही रडू येईल. त्यांनी माझी बॅग घेतली आणि म्हणाले, "गाडीला विंटर टायर लावलेत. घसरेल म्हणून घाबरू नका."

मिसिसागा

आपल्याकडे घरात कुणी गेलं की चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी पिठलंभात घेऊन येतात, बसतात, रडतात, नको तेही बोलतात. तिथे शेजारीण अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये चीज घातलेलं काहीतरी भाजलेलं घेऊन येते, दाराशी ठेवते, बेल वाजवते आणि आपण दार उघडेपर्यंत आपल्या दारात पोचून हात हलवते. यात प्रेम कमी असतं असं मी म्हणणार नाही. पण ट्रे उचलून आत आल्यावर घर आणखी शांत होतं. भावोजींच्या फ्रीजमध्ये असे चार-पाच ट्रे होते. एक गुजराती बाईंनी दिलेला थेपल्यांचा डबा होता, तो आम्ही आधी संपवला.

स्वयंपाकघराला पूर्वेकडे मोठी खिडकी आहे. खिडकीशी दोन खुर्च्या. भावोजी आणि ताई रोज सकाळी तिथे चहा घेऊन बसायचे आणि बर्फावरून सूर्य वर येईपर्यंत उठायचे नाहीत. ताई फोनवर सांगायची, "ही आमची संध्या. मंत्र नाही, पळीपंचपात्र नाही, नुसतं व्हिटॅमिन डी." पहिल्या सकाळी मी खाली आलो तर भावोजी एका खुर्चीवर होते. दुसऱ्या खुर्चीवर मखमली पिशवीत एक चौकोनी डबा होता. तो काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मी उभ्यानेच चहा घेतला.

या दोघांबद्दल थोडं सांगायला हवं. भावोजी इंजिनियर. पहिली नोकरी विंडसरला मोटारींच्या कारखान्यात, मग इकडे. त्यांचे वडील याज्ञिक होते. मौंजीपासून कॉलेजात जाईपर्यंत भावोजींनी त्यांच्या हाताखाली सगळं केलेलं. सगळं आतून पाहूनच त्यांनी देव सोडला. ताईचं कारण वेगळं होतं. वडील गेले तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि मी दहा. आलेल्या बायकांनी आईला मधल्या खोलीत नेलं. दार लावलं होतं, पण बांगड्या फुटल्याचा आवाज बाहेर आला. ताईने दाराला धडका मारल्या, तेव्हा तिला दोघींनी धरून परसात नेलं. त्यानंतर ताई आमच्या देवघरापुढे कधी उभी राहिली नाही. लग्न झालं ते तिच्यासारख्याच माणसाशी. दोघांनी मिळून ठरवलं की आपल्या घरात देव नाही, सण नाही, श्राद्ध नाही, आणि मेल्यावर आपल्यापैकी कुणाचंच काही करायचं नाही. मिसिसागाच्या मराठी मंडळींत त्यांना नुसतं 'ते दोघे' म्हणत. आमची एक मावशी सवाष्ण गेली तेव्हा ताई फोनवर म्हणाली होती, "भाग्याची हो, असं माझ्याबद्दल कुणी म्हणालं ना विनायक, तर मी तिरडीवर उठून बसेन."

आणि माझ्या बॅगेत तो खण होता.

तिसऱ्या दिवशी मेघना आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. ओकव्हिलला राहते, नवरा कॅनेडियन, तिथे सगळे तिला मेग म्हणतात. मराठी तिला सगळी समजते, पण बोलताना वाक्य अर्ध्यावर इंग्रजीत जातं. बूट काढता काढताच तिने सांगितलं, "डॅड, मी सॅटर्डेला पूजा अरेंज केलीय. माझ्या फ्रेंडने गुरुजी दिले. सत्यनारायण. इथेच, मॉमच्या घरी."

भावोजी बघतच राहिले. मग हसले. मी आल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि ते हसू ऐकवत नव्हतं.

"सत्यनारायण? सुतकात?"

"व्हॉट?"

"अगं, लग्न झालं की सत्यनारायण घालतात. घर घेतलं की घालतात. बायको मेल्यावर नाही घालत."

"गुरुजींना मी सांगितलं फॅमिली पूजा आहे. ते म्हणाले शिरा करा."

"मी गेलो की वास्तुशांत कर."

"डॅड!"

"मुलीला सुतक तीन दिवसांचं, ते तुझं संपलं. मला दहा दिवसांचं. दहाव्याला पिंड, बाराव्याला सपिंडी, तेराव्याला गोड. मोडायचं असलं तरी माहीत असावं लागतं, मेघना. आम्ही माहीत असून मोडलं."

मेघना उसळली. "मला कोणी सांगितलं? हू टोल्ड मी एनीथिंग? तुम्ही सगळं मोडून झाल्यावर मी बॉर्न झाले. शी वॉज माय मॉम. मला तिच्यासाठी काहीतरी करायचंय आणि मला एकच पूजा माहितीये, कारण फ्रेंड्सकडे तीच असते."

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी वर जाऊन खण आणला, टेबलावर ठेवला आणि आईचा निरोप सांगितला. मेघनाने खणावर लगेच हात ठेवला. "हे मी करू शकते. मामा, जस्ट टेल मी हाऊ."

भावोजींनी खणाकडे पाहिलं. "नवऱ्याआधी मेल्याचं बक्षीस आहे हे," ते म्हणाले. "तिला चाललं असतं? तुम्हीच सांगा, विनायक."

"आईला काय सांगू?"

"जावयाने नाही म्हटलं म्हणून सांगा. माझ्यावर ढकला. मी नलूला शब्द दिलाय."

मेघनाने हात काढून घेतला. मी खण कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. बुधवारी ओकव्हिलला सरोवरावर रक्षा सोडायची असं ठरलं होतं. तोवर भावोजींचं मन बदलेल, असं मेघनाला वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं.

टोरंटो

मंगळवारी भावोजींनी ड्रॉवरमधून दोन तिकिटं काढली. शहरातल्या एका संग्रहालयात प्राचीन इजिप्तच्या एका राजाराणीचं प्रदर्शन होतं, आणि ताईने आजारी पडण्याआधीच दोघांची तिकिटं घेऊन ठेवली होती. "आपल्यासारखेच दोन वेडे आहेत, बघून येऊ, म्हणायची. चला. तिने घेतलेली तिकिटं वाया घालवायची नाहीत." मेघना स्वतःचं तिकीट काढून युनियन स्टेशनवर भेटली. आधीच्या भांडणामुळे बापलेक एकमेकांशी फक्त मफलर आणि ग्लोव्हजबद्दल बोलत होते.

त्या राजाराणीची गोष्ट मला पुस्तकातून थोडी माहीत होती, उरलेली तिथल्या पाट्यांवरून कळली. तीन हजार वर्षांपूर्वीच्याही मागची गोष्ट. इजिप्तमध्ये तेव्हा देवांना तोटा नव्हता. त्यांत आमेन सगळ्यांत मोठा, आणि त्याचे पुजारी राजाच्या तोडीचे श्रीमंत. गादीवर आलेल्या एका राजाने स्वतःच्या नावातूनच आमेनला काढून टाकलं आणि अखेनातेन असं नाव घेतलं. त्याची राणी नेफर्तिती. दोघांनी जाहीर केलं की देव एकच, आतेन, म्हणजे आकाशातलं सूर्याचं बिंब. त्याला मूर्ती नाही, अंधारा गाभारा नाही. त्याच्या देवळांना छप्परच ठेवलं नाही. जुन्या देवळांचं उत्पन्न तोडलं, भिंतींवरून आमेनचं नाव टाकीने खरवडून काढलं, आणि नदीकाठच्या ओसाड वाळवंटात नवी राजधानी उठवली. ती घाईने उठावी म्हणून दगडही एका माणसाला वाहता येतील एवढेच कापले.

असाच एक दगड काचेमागे होता. वर गोल सूर्य, त्यातून खाली येणारे किरण, आणि प्रत्येक किरणाच्या टोकाला माणसाचा लहानसा हात. राजा आणि राणी समोरासमोर, तोंडावर ऊन घेत. मागे ओळीने मुली, गुडघ्याएवढ्या.

मेघना म्हणाली, "दॅट्स देम. मॉम अँड डॅड अॅट द विंडो."

"फरक आहे," भावोजी म्हणाले. "त्याच्याकडे फौज होती. माझ्याकडे फक्त तुझी आई होती."

"फौजच ती," मी म्हणालो, आणि तिघेही किंचित हसलो.

"आणि ही मी." मेघनाने सगळ्यांत मागच्या मुलीकडे बोट दाखवलं. "द टायनी वन."

पुढच्या पाटीवर लिहिलं होतं की साध्या माणसाने आतेनची थेट पूजा करायची नव्हती. त्याने राजाराणीची करायची, आणि त्या दोघांनी आतेनची. मेघनाने ते दोनदा वाचलं. "सी? एक्झॅक्टली. गणपतीला मी फ्रेंडकडे गेले तर डॅड विचारणार, आरती केलीस की नुसते मोदक खाल्लेस?"

"मोदकांना आमची कधीच हरकत नव्हती."

"डॅड, आय वॉज सेव्हन. मी घाबरून मोदकच खायचे."

भावोजी पुढच्या काचेकडे वळले.

त्या राजवटीबद्दल मी आधी जे वाचलं होतं त्यात तेजच फार होतं. इथे दुसरी बाजूही मांडलेली होती. परक्या राजाचे दूत दरबारात आले की त्यांना उघड्या उन्हात उभं करत, म्हणून त्या राजाने तक्रार लिहून पाठवली होती. हे लोक उन्हात मेले तर तुमच्या राजाला त्यात काय मिळणार, असं तिचं सार होतं. नव्या राजधानीतल्या साध्या माणसांच्या कबरी अलीकडे उकरल्या आहेत. त्यांतली पुष्कळ माणसं तरुण वयात गेलेली, पाठीचे मणके ओझ्याने झिजलेले, हाडांवर उपासमारीच्या खुणा. एकुलत्या एका देवाचं शहर त्यांनी वाहिलं होतं. आणि त्यांच्या घरांत सापडल्या त्या बोटभर उंचीच्या जुन्या देवांच्या मूर्ती: जीभ बाहेर काढलेला एक बुटका देव, बाळंतिणींना राखणारी एक पाणघोडी. राजाराणीच्या नाकासमोर लोक त्यांना जवळ बाळगत होते.

भावोजी त्या बुटक्या देवासमोर थांबले ते हलेचनात.

"माझी आई एकदा आली होती इथे," ते म्हणाले. "तुम्हाला नलूने सांगितलं नसेल. आई बाळकृष्ण घेऊन आली होती, एवढाच. आम्ही म्हटलं, आई, इथे नको, सुटकेसमध्ये राहू दे. तिने ठेवला. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे त्याला ठेवून रोज आंघोळ घालायची. नलूला दिसलं. नलूने तो उचलून परत सुटकेसमध्ये ठेवला. आई त्याच आठवड्यात तिकीट बदलून गेली. मला पुन्हा दिसली नाही."

मेघनाने त्यांच्या कोटाची बाही धरली. भावोजींनी ती सोडवून घेतली नाही.

शेवटच्या दालनात एका कबरीतल्या भिंतीचा मोठा फोटो होता. त्या दोघांची दुसरी मुलगी मेलेली. पुढे प्रेत, आणि राजा आणि राणी दोघे हात डोक्याशी नेऊन रडताहेत. बाकी सगळीकडे ऐटीत उभे असलेले ते दोघे इथे तुमच्याआमच्यासारखे वाकलेले. रडतानाही राजाने राणीचा दंड धरून ठेवला आहे. भावोजी त्या हाताकडे बघत राहिले.

त्याच्या शेजारी आणखी एक दगड होता. तेच बिंब, तेच किरण. पण राजाराणीच्या चेहऱ्यांच्या जागी नुसते टाकीचे घाव. नावांच्या जागी खड्डे. किरणांच्या टोकांचे हातसुद्धा छाटलेले. ते दोघे गेल्यावर जुने देव परत आले. गादीवर बसलेल्या पोराने आपल्या नावातला आतेन काढून आमेन घातला. नवं शहर ओस पडलं आणि त्याचे दगड जुन्या देवांच्या देवळांच्या भिंतींत भराव म्हणून घातले गेले. पुजाऱ्यांनी नाव पुसायचं कारण पाटीवर होतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ज्याचं नाव उरत नाही तो दुसऱ्यांदा मरतो.

माझा हात खिशातल्या खणावर होता. हात मी काढून घेतला.

ओकव्हिल

ओकव्हिल हे सरोवराकाठचं श्रीमंतांचं गाव. उन्हाळ्यात तिथे शिडाच्या नावा असतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा काठाशी बर्फाचे थर होते, आणि त्यांच्यापलीकडे पाणी शिशासारखं. धक्क्यावर आमच्याशिवाय एक कुत्रा आणि त्याची मालकीण होती. आमच्या हातातला डबा बघून बाईने कुत्र्याला ओढून लांब नेलं.

आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी सांगणारं असतं, आता हे करा, आता उजवीकडून या. इथे कुणीच सांगणारं नव्हतं. भावोजींनी पिशवी सोडली, डब्याचं झाकण काढलं आणि तसेच थांबले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हाला काय करायचं असेल ते आत्ताच करा. मी पाठ करून उभा राहतो. मी पाहिलं नाही म्हणजे माझा शब्द मोडला नाही."

डबा त्यांनी कठड्यावर ठेवला आणि खरोखरच पाठ फिरवली. बहात्तर वर्षांचा माणूस, खांदे वर आलेले, वाऱ्यात उभा. त्यांचं मन वळलं नव्हतं. आमच्यासाठी ते फक्त बाजूला झाले होते.

मेघनाने ग्लोव्ह काढून हात पुढे केला. "मामा. आजीचा खण."

मी खण बाहेर काढला. हिरवा रंग त्या करड्या काठावर फारच हिरवा दिसला. एकदा तो त्या डब्यावर ठेवला की झालं असतं. नारळ नव्हता, तांदूळ नव्हते, पण आईने तेही समजून घेतलं असतं. मेघनाला आयुष्यभर पुरेल एवढी एक गोष्ट मिळाली असती. आणि नलिनीताई कायमची भाग्याची सवाष्ण झाली असती, तिने दाराला दिलेल्या धडकांसकट. मला तो खरवडलेल्या चेहऱ्यांचा दगड आठवला. त्या पुजाऱ्यांनाही वाटलं असेल की आपण चुकलेल्यांना सरळ करतो आहोत.

"नको, मेघना," मी म्हणालो.

"आजीने पाठवलंय."

"माहीत आहे."

"तू पण? यू टू, मामा? डॅड पाठ करून उभे आहेत! एकदाच!" ती रडत होती. वाऱ्याने तिचे अश्रू कानाकडे जात होते. "मॉमला कळणार पण नाही."

"म्हणूनच नको."

मी खण पुन्हा खिशात ठेवला. ती ते विसरलेली नाही. अजून माझ्याशी फोनवर नीट बोलत नाही, आणि तिचंही चूक आहे असं मला म्हणवत नाही. तिच्या आईच्या आणि माझ्या आईच्या मधे मी उभा होतो, आणि मधल्या मधे त्या पोरीचे हात रिकामे राहिले.

"झालं?" भावोजींनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"काही केलं नाही," मी म्हणालो.

ते वळले. माझ्याकडे पाहिलं, मग मेघनाचा हात धरून तो डब्यावर ठेवला आणि वर स्वतःचा ठेवला. दोघांनी मिळून डबा कलता केला. वारा उलटा होता. निम्मी रक्षा पाण्यावर गेली, निम्मी परत आली आणि भावोजींच्या काळ्या कोटावर बसली. मेघना झटकायला पुढे झाली. "राहू दे," ते म्हणाले. घरी परतताना गाडीत हीटर लावला तरी त्यांनी कोट काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी दुसरी खुर्ची रिकामी होती. भावोजींनी मला तिच्यावर बसायला सांगितलं. ढग होते. सूर्य काही दिसला नाही. तरी उजाडेपर्यंत आम्ही बसलो.

सांगली

घरी पोचलो तेव्हा गल्लीतल्या दोघीतिघी आईजवळ बसल्या होत्या. "भाग्याची हो नलू," त्यांतली एक म्हणाली. त्या गेल्यावर मी खण आईच्या पुढ्यात ठेवला. जावयावर ढकला असं भावोजींनी सांगितलं होतं, पण मी तसं केलं नाही.

"त्यांनी पाठ केली होती. मीच नाही भरू दिली."

आईने खणाची घडी उलगडली, पुन्हा घातली. मला वाटलं रागावेल. तिने विचारलं, "फोनवर तू सांगत होतास, ते राजाराणी. सूर्याचे. त्यांचं पुढे काय झालं?"

मी सांगितलं. चेहरे कसे खरवडले, नावं कशी काढली.

"कुणी?"

"त्यांच्याच माणसांनी. ते मेल्यावर."

आई मधल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. त्या दाराला आता नवा रंग आहे.

"दोघींनी धरून नेली होती तिला परसात," ती म्हणाली. "मला आतून ऐकू येत होतं."

मग तिने खण उशाखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी दिवा मालवायला उठलो तेव्हा ती तशीच म्हणाली, "बरं केलंस. आता पुन्हा कुणी धरायला नको तिला."